टोकाच्या शेताचं पाणी

अहो, धरा ना, पण अशी कडेनं नका धरू — खालून, तळहातावर — हं, अशी. बाबांनी बघितलं तर तुमच्याआधी मला घराबाहेर काढतील. मलासुद्धा एकोणीस वर्षांनी हातात मिळतेय ती. कपाटावर असते, तीन फडक्यांत गुंडाळलेली, आणि मी नुसती मान वर केली तरी विचारतात, काय हवंय? आज ते नाहीत म्हणून बरं. केस काळे करायला गेलेत. उद्या तुमच्या संग्रहालयात लोकांसमोर बसायचंय ना वाटी घेऊन! येतील अर्ध्या तासात. पण तुम्ही उद्या सकाळी येणार होतात ना? मग आज कसे? — बरं, पाटी लिहायचीय. लिहा की, मी सांगते. तांब्याची वाटी, तळाला बारीक भोक. पाण्यावर तरंगत ठेवायची. भोकातून पाणी आत चढतं, वाटी भरते, बुडते. झऱ्याचं पाणी एकच, पाट एकच, शेतं बावीस. कुणाच्या शेताला दोन वाट्या पाणी, कुणाला तीन, कुणाला पाच — वाटी बुडाली की मोजायची, ठरल्या तेवढ्या झाल्या की दार पुढच्या शेताला. घड्याळं होती हो घरोघरी, पण पाण्याला घड्याळ लावायचं नाही, पाण्याला वाटीच. एक वाटी म्हणजे चोवीस मिनिटं. चोवीस लिहा आणि मोकळे व्हा. — आता मोजून कशाला बघायचं? माझ्यावर विश्वास नाही का? मी शाळेत विज्ञान शिकवते, थट्टा करत नाहीये.

बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, तिथे बैलवाले काका बसतात आणि दर रविवारी म्हणतात, ही खुर्ची दुरुस्त करा. हो, दर रविवारी. पाच म्हातारे या एवढ्याशा खोलीत, तिसरा मजला चढून, धापा टाकत — आणि एकदा बसले की सुरू. तेव्हाचं दूध, तेव्हाची माती, तेव्हाची माणसं. पिशवीतल्या दुधाचा चहा पितात आणि गायींची नावं आठवत बसतात! मी एकदा म्हटलं, काका, त्या गावात उजाडल्यावर बायकांना पोट बिघडायचीसुद्धा चोरी होती, अंधार पडायची वाट बघावी लागायची, ते आठवतं का कुणाला? तर बाबा म्हणाले, शिकवलं त्याचं हे फळ. म्हणजे गावाबद्दल खरं बोललं की ते शिक्षणाचं फळ, आणि खोटं बोललं की त्या आठवणी! आणि शेवट ठरलेला. चहा संपला की सगळे बाबांकडे वळतात, बाबा आवाज जरा खाली आणतात आणि म्हणतात, 'एका थेंबाचा फरक नव्हता.' सगळ्यांच्या माना हलतात. मग कुणीतरी म्हणतं, 'त्या टोकाच्यानं गाव बुडवलं.' पुन्हा माना हलतात. की उठले, गुडघे धरत, एकमेकांच्या चपला घालत.

टोकाचा म्हणजे — पाटाच्या अगदी टोकाला ज्यांचं शेत होतं ते. आम्ही पोरं टोकाचे काका म्हणायचो. ते काही महत्त्वाचं नाही, ते पाटीवर नका — काय? पत्र? त्यांचं? तुम्हाला? म्हणजे ते — आहेत अजून?

बघू.

'…उद्या गावातली सगळी मंडळी जमणार असल्याचे कळले. मीही येईन. वाटी माझ्या डोळ्यांसमोर घड्याळ लावून बुडवावी, एवढीच विनंती.' एवढीच विनंती. वय लिहिलंय बघा खाली, अठ्ठ्याहत्तर. कुणासोबत येणार हे? त्यांच्याशी एकोणीस वर्षांत कुणी बोललेलं नाही, मुलीच्या लग्नाला गावातलं एक माणूस गेलं नाही. — बाबांना दाखवलंत? नाही ना? नका दाखवू. म्हणून आलात होय आज! पाटी-बिटी नाही, तुम्हाला आधी स्वतः मोजून बघायचीय. तसं सरळ सांगायचं ना! इतका वेळ मीच आपली वटवट करतेय.

ठीक आहे. बुडवू या. आत्ताच, बाबा यायच्या आत. ती बादली घ्या इकडे — निळी, निळी — कपडे भिजवायची आहे, पण पाणी स्वच्छ आहे. पातेल्यात नाही जमत, खोली लागते. घड्याळाचं तोंड माझ्याकडे करा. ती अशी हलकेच ठेवायची, बोटं बाजूनं काढायची, डचमळली तर पहिल्यापासून. — सोडली. लावा वेळ. आता जेवढी मिनिटं होतील तेवढी लिहायची पाटीवर, कमी नाही, जास्त नाही. मोठ्या अक्षरात लिहा. मग कुणाला काही बोलायलाच नको, पाटी बोलेल. हे बरंच झालं, खरंतर. हे फार बरं झालं.

नाही, काही नाही. हात थंड पडलेत, पाण्यात घातले ना.

मी बसायची वाटीपाशी. बाबा पाटावर असायचे, या शेताचं दार माती लावून बंद कर, त्या शेताचं मोड — एकाच माणसाला दोन्हीकडे कसं राहता येईल? म्हणून मी. दहा वर्षांची होते. झऱ्याजवळ छपरी होती, त्यात दगडाची डोणी, पाण्यानं भरलेली, डोणीत वाटी. शाळा सुटली की थेट तिथे. वाटी बुडाली की ओरडायचं, 'बुडाली!' आणि एक खडा इकडच्या ढिगातून तिकडे ठेवायचा. पहिल्या शेतातला माणूस पुढे ओरडायचा, तो पुढच्याला, आणि माझा शब्द असा शेताशेतातून लांब लांब जायचा — दहा वर्षांच्या पोरीचा शब्द, आणि मिशीवाले बाप्ये हातातली कामं टाकून पळायचे! मला आवडायचं ते. पण मधला वेळ? तुम्ही बसून बघा. आत्ता किती झाली? चार? बघा, चारच. आणि एवढ्यात तुम्ही तीनदा पाय हलवलात. हलायचं नाही, उठायचं नाही, झोपायचं तर नाहीच. वाटीत पाणी चढताना दिसतसुद्धा नाही. बाहेर सगळी पोरं खेळतायत आणि तुम्ही एका भोकाकडे बघत बसलाय.

आणि मला पाण्याबरोबर पळायचं असायचं. कसं सांगू — सगळ्यात शेवटची पाळी टोकाच्या शेताची. पाच वाट्या. त्यांची पाचवी वाटी होत आली की काम संपलंच, मग बाबा म्हणायचे, जा आता. पण तोवर पाणी कधीच पोचलेलं असायचं ना पुढे! मला हवं होतं पाण्याचं तोंड. कोरड्या पाटातून पाणी पहिल्यांदा जातं तेव्हा त्याला तोंड असतं — जिभेसारखं, पुढे काडीकचरा ढकलत, आणि त्याच्यापुढे मुंग्या पळतायत, किडे पळतायत, अंडी उचलून पळतायत, आणि मातीचा एक बारीक आवाज येतो, चुर्रर्र. त्याच्या शर्यतीत मी अनवाणी. टोकाची पाळी लागली की पहिल्या तीन वाट्या बाबा स्वतः येऊन सांभाळायचे, तेवढ्यात मी निघायची, आणि टोकाला काका उभे असायचे फावडं घेऊन. मला बघून म्हणायचे, 'आणलंस का गं पाणी, पाणीवाले?' जसं काही मीच ओंजळीत घेऊन आले! तेवढ्यासाठी. एवढ्या एका वाक्यासाठी मी दिवसभर — हसू नका. मी नाही त्या म्हाताऱ्यांसारखी. मला कुठल्या गायी-बियी आठवत नाहीत. मला फक्त ते पाण्याचं तोंड आठवतं. नळ सोडला की कधी कधी रिकाम्या बादलीतसुद्धा — जाऊ दे.

किती? अकरा. बघा अजून निम्मीसुद्धा भरली नाही. म्हणजे — भरायला हवी होती खरंतर, निम्मीपेक्षा जास्त. अठराच्या हिशेबानं तरी.

अठरा म्हणजे अठरा मिनिटं. मघाशी चोवीस म्हटलं? म्हटलं असेल. अहो, चोवीस बाबांचं, अठरा टोकाच्या काकांचं. तोच तर तंटा होता! सांगते. त्या वर्षी सगळे खुश होते. बावीस शेतांची फेरी लवकर पुरी व्हायला लागली, पाळी लवकर यायला लागली. म्हणायचे, यंदा झऱ्याला जोर आहे. एक टोकाचे काका तेवढे म्हणायला लागले, माझं शेत भिजत नाही. आधी हळू म्हणाले, मग जोरात, आणि मग एक दिवस छपरीत येऊन मनगटावरचं घड्याळ माझ्यासमोर धरून बसले. वाटी बुडेपर्यंत. संध्याकाळी सगळ्या गावासमोर म्हणाले, वाटी अठरा मिनिटांत बुडते, ही चोवीसची वाटी आहे, माझ्या आज्यानं मोजलेली, पाणीवाल्यानं काहीतरी केलंय. पाणीवाला म्हणजे माझे बाबा! सगळे उसळले. आणि बाबा उठले, अगदी शांतपणे, आणि म्हणाले, 'वाटी सगळ्यांना एकच. कमी असेल तर बाविसांना कमी. मग एकट्या तुझंच शेत कसं कोरडं?' बिनतोड ना? सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, घड्याळाला किल्ली द्या आधी. काका म्हणाले, मग बुडवा आत्ता इथे, सगळ्यांसमोर. आणि बाबांनी मला पुढे ओढलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. 'पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, वाटीत फरक नाही.' यापुढे कोण काय बोलणार? वाटी बुडवली नाही. काका माझ्याकडे बघत होते. बाबांकडे नाही, माझ्याकडे. पंधरा दिवसांपूर्वीच मला म्हणाले होते, 'आज थोडंच आणलंस गं, पाणीवाले.'

त्या दिवसापासून त्यांनी पाळी घेणं सोडलं. शपथेच्या पाण्यावर शेती करणार नाही म्हणाले. तीन महिन्यांनी यंत्र आणून बोअर मारली, खोल. गावातली पहिली. त्यांची बघून दुसऱ्यानं मारली, मग तिसऱ्यानं, मग काय, चढाओढच. चार वर्षांत झरा आटला. मग बोअरीही आटल्या. मग एकेक घर उठलं. म्हणून त्यांनी गाव बुडवलं — असं दर रविवारी या खोलीत ठरतं.

सोळा? आता बघा हं. आता दोन मिनिटांत. तुम्ही बादलीकडे नका बघू, घड्याळाकडे बघा, बुडाली की मी सांगते, मला कळतं ते, कडेला पाणी टेकलं की वाटी एक क्षण थांबते, विचार केल्यासारखी, आणि मग — सतरा. उद्या हीच अशी बुडेल, सगळ्यांसमोर, अठराला, आणि काका घड्याळ बघतील, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. बाबांना वाटेल जुनी झाली वाटी, झिजली. लोकांनाही वाटेल. पण काकांना कळेल. त्यांना कळलं की झालं.

अठरा.

थांबा. थांबा ना, अजून — किती? तुमचं घड्याळ पुढे आहे. नाही कसं? मोबाइल काढा. एकोणीस? असं कसं होईल, कडेपासून अजून दोन बोटं आहे पाणी! बादली हलतेय का? भोकात काही अडकलं असेल, कपड्याचा धागा असेल. सरका जरा. तो मोबाइलचा उजेड द्या. वरून धरा, आत, तळाशी.

हे काय आहे?

तुम्हाला दिसतंय ना? भोकाभोवती. पांढरं. टिकलीएवढं. वाटी तांब्याची आणि हे — हे कथील आहे. डाख दिलाय. कुणीतरी कथील वितळवून भोक लहान केलंय. इतकं नीट, इतकं गोल. हे नव्हतं. अहो, हे नव्हतं हो! मला माहीत आहे हे नव्हतं, कारण ते भोक मी मोठं केलं होतं! मी! दाभणानं. पोती शिवायचं दाभण. भोकात गाळ बसायचा, तो काडीनं काढायचा असं बाबांनीच शिकवलेलं, मी काडीऐवजी दाभण घेतलं, आणि एक दिवस लक्षात आलं की जरा फिरवलं की वाटी लवकर बुडते. लवकर बुडाली की लवकर सुटका. तांबं कागदासारखं पातळ झालेलं. रोज थोडं थोडं, दुपारी, गंमत म्हणून, कंटाळा आला म्हणून, पाण्याच्या तोंडाबरोबर पळायचं म्हणून. मला वाटायचं, सगळ्यांनाच सारखं कमी, म्हणजे कुणालाच कमी नाही. बाबांनी गावासमोर नेमकं तेच म्हटलं तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! अकरा वर्षं मी त्या वाक्यावर जगले. मग कॉलेजात एकदा हौद आणि नळाचं गणित करत होते आणि माझा हात थांबला. पाट. पाट धरलाच नव्हता कुणी हिशेबात. एकविसाव्या शेतापुढचा तो लांब कोरडा पाट आधी स्वतः पितो, एक तास पितो, मग टोकाला थेंब पोचतो. चोवीसच्या पाच वाट्या म्हणजे दोन तास — एक पाटाचा, एक काकांचा. अठराच्या पाच म्हणजे दीड तास. पाट त्याचा तास सोडत नाही. काकांना उरला अर्धा. बाकीच्यांची पाळी लवकर आली की भरून निघायचं, यांची लवकर आली तरी पाट पुन्हा तेवढाच पिणार. वाटी सगळ्यांना एकच होती, आणि कोरडं एकट्याचंच शेत राहत होतं. आठ वर्षं झाली मला हे कळून. आठ वर्षं रविवारचा चहा मी करतेय, मी! 'त्या टोकाच्यानं गाव बुडवलं' — साखर किती घालू, काका?

आणि मी समजत होते, मला एकटीलाच माहीत आहे.

हे कधी केलं त्यांनी? थांबा, मला आठवतंय. शपथेच्या दुसऱ्या दिवशी. ते भल्या पहाटे बाजाराच्या गावाला गेले, पिशवीत काहीतरी घेऊन, आणि संध्याकाळी मला नवे बूट आणले. नवे बूट! काही कारण नसताना. आणि म्हणाले, 'आता वाटीपाशी नको बसू, मोठी झालीस, अभ्यास कर.' मला वाटलं, कौतुक करतायत. मी ते बूट घालून झोपले होते. म्हणजे शपथ घेऊन घरी आले, मग वाटी पाहिली, मग दाभण पाहिलं असेल — मी ते डोणीच्या मागे लपवायची, कुणालाही सापडलं असतं. त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी वाटी दुरुस्त करून आणली. आणि त्यानंतर काका बोअर मारेपर्यंत तीन महिने होते! तीन महिने! एकदा त्या शेतावर जाऊन म्हणायचं होतं, पोरीनं चूक केली, चल, पाळी घे. कुणी मला मारलं असतं का? काकांनी मारलं असतं? ते माझ्याकडे बघत होते तेव्हाच त्यांना कळलं होतं, मला वाटतं, आणि तेही काही बोलले नाहीत, पोर म्हणून. दोघांनी मला वाचवलं, आणि एक जण खोटा ठरला. नाही — मला वाचवलं म्हणायचं की स्वतःची शपथ वाचवली? हे कोण सांगेल?

किती झाली? बावीस. बंद करू नका. तुमच्या लक्षात येतंय का? उद्या ही वाटी बरोबर चोवीसला बुडणार आहे. सगळ्यांसमोर, घड्याळ लावून, त्यांनी स्वतः मागितलं म्हणून. बाविसांपैकी जे कुणी उरलेत ते टाळ्या वाजवणार. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस बस बदलत बदलत येणार तो काय, पुन्हा एकदा खोटा पडायला! मी समजत होते वाटी बोलेल, मला बोलावं लागणार नाही. आणि ही तर — हिला तर खोटं बोलायला शिकवून ठेवलंय.

श्श. जिना.

बाबाच आहेत. तिसऱ्या पायरीला खोकतात. नका, बादली नका झाकू. राहू दे तिथेच. हलू नका, वाटी डचमळेल — कडेला टेकलं पाणी, बघा, थांबली, बघा —

बुडाली!

बघा, अजून तोंडातून येतं. चोवीस ना? माहीत आहे मला. — या, बाबा. छान झालेत केस. हे संग्रहालयाचे, बसलेत केव्हाचे. नाही, चपला राहू द्या, आधी इकडे या. हे बघा काय सापडलं मला तळाशी. असं काय बघता माझ्याकडे? टोकाचे काका येतायत उद्या. हो, तेच. — बोला ना. एका थेंबाचा फरक नव्हता म्हणा. ठेवा माझ्या डोक्यावर हात आणि म्हणा.

तुम्ही निघा आता. पाटी कोरी ठेवा, उद्या तिथे लिहू. काकांना सांगा, तेच घड्याळ आणा, चालत असेल तर. वाटीपाशी बाबा नाही, मी बसेन. दहाला येते. वाटी मी आणते, आणि एक दाभणही.

जाताना दार ओढून घ्या.